बॉयलरनं खाल्लेला चारा

बजाजनगरला आमच्या दोन खोल्यांवर गच्ची होती. तिथं वाळत घातलेल्या कपड्यांवर दर दोन-तीन दिवसांनी काळे ठिपके पडायचे. बायको ते कपडे माझ्यापुढं आणून धरायची आणि म्हणायची, "बघा, तुमची ड्युटी." ती चेष्टा नव्हती. वाळूजच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात मी बॉयलर चालवायचो. ओला पुठ्ठा वाळवायला वाफ लागते, वाफेला आग, आणि आमची आग कोळशाची होती. वारा फिरला की आमच्या चिमणीची काजळी आमच्याच गल्लीत उतरायची. शेजारी एक निवृत्त मास्तर राहत, त्यांना दम्याचा त्रास. ते मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत, पण मी दिसलो की रुमाल नाकाला लावायचे. मी कामावरून आंघोळ करून आलेलो असलो तरी लावायचे.

बॉयलर हाऊसमध्ये माझ्याबरोबर एक चाचा होते. जुन्या शहरातले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. आग कशी वाचायची ते मला त्यांनीच शिकवलं. भट्टीच्या झरोक्यातून ज्वालेचा रंग बघून ते सांगायचे, आता पाच मिनिटांत प्रेशर पडणार, आणि पडायचंच. आयटीआयच्या पुस्तकात मी जे शिकलो नव्हतो, ते सगळं त्यांच्याकडं होतं.

मग एकदा प्रदूषणवाल्यांची नोटीस आली. मॅनेजर साहेब स्वतः बॉयलर हाऊसमध्ये उतरले. एरवी ते इकडं फिरकत नसत, बूट खराब होतात म्हणून. म्हणाले, कोळसा कमी करावा लागणार आहे, तेलावर चालवणं झेपत नाही, काही सुचत असेल तर सांगा. मॅनेजरनं फायरमनला, भट्टीत जळण टाकणाऱ्याला, विचारावं हेच मला इतकं अप्रूप वाटलं, की मी लगेच बोलून गेलो.

"साहेब, आमच्याकडं कापूस वेचून झाला की उरलेली झाडं, पऱ्हाटी, शेतातच पेटवून देतात. ढीगच्या ढीग. जळती पण लाकडासारखी."

चाचा माझ्याकडं बघत राहिले. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. तो विचार माझा होता, हे मी आज नाकारणार नाही. पुढं जे झालं त्यात माझा हात कुठून सुरू होतो, ते या वाक्यापासून.

माझी धाकटी बहीण बिडकीनच्या पुढच्या एका गावात दिलेली. कोरडवाहू रान, एक बैलजोडी, दोन म्हशी. पुढच्या रविवारी मी साहेबांना त्यांच्याच गाडीतून तिच्या घरी घेऊन गेलो. मेव्हणे बुजले आणि पागोटं नीट करत उभे राहिले, पण बहीण बुजली नाही. तिनं चहा ठेवला, चुलीपाशी रचलेली एक पऱ्हाटी घेतली, गुडघ्यावर ठेवून मोडली आणि साहेबांच्या पुढं धरली.

"ही बघा. हिच्यावर बाजरीची भाकर बी फुगती. लई जोर हाय हिला."

साहेब हसले. "मग शेतातली जाळता कशाला?"

"एवढी घरात कुठं रचावी? लागती तेवढी आणतो, बाकीची पेटवून रान मोकळं करतो."

"बाकीची आम्ही नेली तर?"

"न्या की. बायांना काम मिळन. आमच्या चुलीपुरती ठिवा म्हणजे झालं."

"अर्थात," साहेब म्हणाले. त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, असं मला आजही वाटतं. पण ते वहीत लिहिलं नाही. मीही लिहा म्हटलं नाही. चहा पिऊन आम्ही निघालो तेव्हा बहिणीनं गाडीच्या खिडकीतून माझ्या हातात शेंगदाण्याची पिशवी दिली आणि कानाशी म्हणाली, "दादा, साहेब तुला मानतेत रे." मी फुशारलो.

पहिली दोन वर्षं खरोखर चांगली गेली. एका कंत्राटदारानं गावाबाहेर मशीन टाकलं. बाया पऱ्हाटी उपटून आणायच्या, मशीन तिचा भुगा करायचं आणि दाबून मनगटाएवढ्या जाड कांड्या पाडायचं. आम्ही त्याला पांढरा कोळसा म्हणायचो, रंग मातकट असला तरी. बॉयलरला तो सुरुवातीला मानवला नाही. त्याची राख वितळून भट्टीच्या जाळीवर काचेसारखी चिकटायची. चाचा आणि मी लोखंडी सळया घेऊन ती फोडायचो, अंगावर फोड आणायचो, पण हळूहळू हवा किती सोडायची, थर किती जाड ठेवायचा ते जमत गेलं. चिमणीतून निघायचं ते धूर म्हणावं की नाही असं काहीतरी फिकं. गच्चीवरचे कपडे पांढरे राहायला लागले. मास्तरांनी एकदा मला हाक मारून अंगणात खुर्ची दिली. त्या खुर्चीचा मला किती अभिमान वाटला होता, हे आता लिहितानाही लाज वाटते.

मग पाऊस गेला. एक वर्ष कमी झाला, दुसऱ्या वर्षी जवळजवळ झालाच नाही. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येऊ लागलं. बजाजनगरात लोक टँकरमागं धावायचे. कंपनीत मात्र बॉयलरला लागणारं पाणी रोज येत होतं, तेही मऊ केलेलं, क्षार काढलेलं. घरी बायको आंघोळीचं पाणी मोजून द्यायची, आणि कामावर मी काचेच्या नळीत बॉयलरची पाण्याची पातळी बघत बसायचो. ती एक बोटभरसुद्धा खाली जाऊ द्यायची नाही, हे माझं काम.

गावाकडं कपाशी गुडघ्याच्या वर गेली नाही. पऱ्हाटी म्हणजे नुसत्या काड्या. कारखान्याची भूक तेवढीच होती, म्हणून कंत्राटदारानं ट्रॅक्टरला लावायचं यंत्र आणलं. ते मुळासकट उपटायचं आणि जागच्या जागी तुकडे करायचं. उपटायला बायांची गरज उरली नाही. पारावर पुरुषांशी बोलून त्यानं गावाची सगळी रानं ठरवून घेतली. चुलीपुरती ठेवायची गोष्ट कुणी काढली नाही, कारण चुलीशी बसणारं कुणी पारावर नव्हतं.

बहिणीचा फोन आला. ती असा फोन करणारी नव्हती, म्हणून मी मशीनच्या आवाजातून बाहेर आलो.

"दादा, चुलीला काडी ऱ्हायली नाय. सगळं रान झाडून नेलं. आम्ही बाया गायरानात बाभळीच्या फांद्या तोडायला जायलोत. काट्यानं हात फाटलेत. तुझ्या साहेबाला सांग की, थोडी ठिवा म्हणावं."

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "अगं, गॅस हाय ना तुमच्याकडं. वापर की."

 ती म्हणाली, "टाकी संपली की बिडकीनला जावं लागतं. दर वेळी न्हाय जमत." आणि फोन ठेवला.

साहेबांना मी सांगितलं. ते म्हणाले, कंत्राटदाराशी बोलतो. बोललेही असतील.

उन्हाळा चढला तशा कांड्याही संपत आल्या. एका सकाळी यार्डात कांड्यांच्या ऐवजी मोकळा माल उतरला, ताडपत्रीखाली. मी फावडं घेतलं. चाचांनी माझा हात धरला. त्यांनी ढिगात हात घातला, मूठभर वर काढलं, बोटांनी चोळलं, नाकाशी नेलं. त्यांच्या घरी बकऱ्या असायच्या. मग ते माझ्याकडं वळले.

"मियाँ, ये कचरा नईं है. जनावर के मूँ का निवाला है."

ते तुरीचं भूस होतं. सोयाबीनचं भुसकटही होतं, त्यात हरभऱ्याची गुळी मिसळलेली. मळणी झाली की शेतकरी ते कोठ्यात भरून ठेवतो. चांगल्या वर्षी जनावरं ते तोंड वाकडं करून खातात, वाईट वर्षी त्याच्यावरच जगतात. पैशाला नडलेल्या शेतकऱ्यांकडून कंत्राटदारानं ते विकत घेतलं होतं. आणि ते वर्ष तर असं होतं की रस्त्याच्या कडेनं जागोजाग चारा छावण्या उभ्या होत्या, पत्र्याच्या सावलीत हाडं निघालेली गुरं ओळीनं बांधलेली. कंपनीच्या बसमधून जाताना मी ती रोज बघत होतो.

आम्ही दोघं साहेबांकडं गेलो. चाचा बोलणार नाहीत हे ठरलेलं होतं, त्यांचं मराठी साहेबांसमोर अडखळायचं. म्हणून मी बोललो.

"साहेब, हा चारा आहे. गुरं मरायला लागलीत बाहेर. दोन-तीन महिने कोळसा लावू. पाऊस पडला की परत पऱ्हाटी चालू करू."

साहेब रागावले नाहीत. खुर्चीतून उठून त्यांनी दार लावलं. "तुम्हाला वाटतं मला कळत नाही? पण कागदावर हा शेतीतला टाकाऊ माल आहे. आपलं बाहेरच्या देशातलं गिऱ्हाईक दर महिन्याला आकडे मागतं, किती कोळसा, किती बायोमास. त्यांना आपण शब्द दिलाय. एक महिना कोळसा दिसला तर ऑर्डर जाईल, मग पुठ्ठाही नाही आणि बॉयलरही नाही. आणि आपण नाही घेतला तर शेजारची कंपनी घेईल."

यातलं काहीही खोटं नव्हतं. आम्ही दोघं परत बॉयलर हाऊसमध्ये आलो.

चाचांनी त्या आठवड्यात अर्ज दिला आणि पॅकिंगला बदली मागून घेतली. इतक्या वर्षांचा फायरमन, सगळ्या कारखान्याला वाफ पुरवणारा माणूस, खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला बसला. त्यांनी कुणालाही कारण सांगितलं नाही. मला मात्र जाताना म्हणाले, "तुम जवान हो, तुम्हारा बराबर है." ते मला सोडवत होते की टोचत होते, हे मी तेव्हा विचारलं नाही. मलाही अर्ज देता आला असता. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. पण बॉयलरचं सर्टिफिकेट माझ्या नावावर होतं, शिफ्ट इनचार्ज होण्याची पाळी माझी होती, आणि मी मनात म्हटलं, मी नाही टाकलं तर दुसरा कुणीतरी टाकेलच. साहेबांचंच वाक्य मी माझ्यापुरतं वापरलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, पहिल्या पाळीत, सकाळी साडेदहाच्या सुमाराला गेटवरून फोन आला. तुमची बहीण आली आहे.

ती गेटच्या बाहेर, भिंतीच्या सावलीत उभी होती. बिडकीनहून काळीपिवळी जीपनं आली होती, पुढं चालत. पदर कमरेला खोचलेला आणि काखेत दोन रिकामी पोती, नीट घडी केलेली. गेटवरचा सुरक्षारक्षक तिच्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होता.

"अगं, फोन करायचा ना आधी."

"फोन केला असता तर नको म्हणला असतास." तिनं पोती पुढं केली. "एक म्हस मागंच इकली, ऱ्हायली ती गाभण हाय, दादा. आठवा लागलाय. छावणीत न्यावी तर एका घरची दोनच जनावरं घेत्यात, बैलं नेलीत तिथं. आमच्या गावचं भूस ट्रकमधी भरताना मी बघितलंय. ट्रकवाल्याला इचारलं, कुठं चाललं, तर त्यानं तुझ्या कंपनीचं नाव सांगितलं. दोन पोती दे. चोरून नगं. इचारून दे."

मी आत गेलो. साहेब मीटिंगमध्ये होते, मी बाहेर थांबलो. ते आले तेव्हा मी सगळं सांगितलं, अगदी आठवा महिना लागलाय इथपर्यंत. त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "काट्यावर वजन झालेला माल गेटबाहेर जात नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि आज तुमच्या बहिणीला दिला तर उद्या इथं रांग लागेल. मी कुणाकुणाला नाही म्हणू?" मग शिपायाला हाक मारून म्हणाले, "गेटवर त्या ताईंना चहा द्या."

चहा माझ्या आधी पोचला होता. तिनं तो घेतला नव्हता. कप भिंतीच्या कठड्यावर तसाच, वर साय धरलेली.

माझ्या तोंडावरून तिला कळलं असणार, तरी तिनं मला बोलू दिलं. मी नियम सांगितला, काट्याचं वजन सांगितलं, रांग लागेल ते सांगितलं. ती ऐकत राहिली, एखाद्या परक्या ऑफिसात माणूस ऐकतो तसं.

"आत जाळतं कोण?"

मी हातावरची काजळी पुसायला लागलो.

"तूच जाळायलास का?"

"व्हय."

तिनं पोत्यांची घडी पुन्हा एकदा नीट केली, ती नीटच होती. "बरं," म्हणाली. "जाते मी. दुपारची गाडी घावंल." मी थांब म्हटलं नाही. ती रस्त्याच्या कडेनं चालत गेली, कंटेनर अंगावरून जायचे तेव्हा थांबायची, परत चालायची.

मी आत आलो, फावडं घेतलं आणि भूस टाकत राहिलो. ते फार चांगलं जळतं. हलकं असतं, हवेत उडतानाच पेट घेतं. त्या दिवशी माझ्या शिफ्टमध्ये प्रेशर एकदाही पडलं नाही.

रविवारी मी म्हशीला घालायला उसाच्या वाढ्यांची, हिरव्या शेंड्यांची, एक मोठी मोळी रिक्षात टाकून गावी गेलो. मेव्हण्यांनी ती उतरवून घेतली, बसा म्हणाले. बहीण गोठ्यात होती. ती बाहेर आली नाही. मी गेलो तर म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तीन दिवस झाले, गाभडली." मेलेलं पारडू त्यांनी ओढ्याला नेऊन पुरलं होतं. डॉक्टर म्हणाला, उन्हानं आणि उपासानं होतं असं, यंदा खूप होतंय. म्हशीचं येणारं दूध गेलं, दुधावर चालायचं ते घर अडलं, आणि पुढच्या आठवडी बाजारात म्हैसही गेली. बहिणीनं मला दोष दिला नाही. मी वाट बघत होतो, की ती काहीतरी बोलेल आणि मी काहीतरी उत्तर देईन. दोन पोत्यांनी म्हैस तरली असती का, मला माहीत नाही. कदाचित नसतीही. पण हा हिशेब करायला मी मोकळा नाही. ती दोन पोती मीच जाळली.

त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीला हवा स्वच्छ ठेवल्याबद्दल बक्षीस मिळालं. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात कार्यक्रम होता. साहेब म्हणाले, कल्पना तुमची होती, तुम्ही आलंच पाहिजे. आणि मी गेलो. गुलमंडीवर जाऊन नवा शर्ट घेतला, बायकोनं तो इस्त्री केला. मंचामागं मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवत होते, आधीची काळी चिमणी, आताची स्वच्छ चिमणी. मग एक फोटो आला. पहिल्या वर्षी कुणीतरी काढलेला, डोक्यावर पऱ्हाटीचा भारा घेतलेली एक बाई, उन्हात डोळे बारीक करून हसणारी. माझी बहीण. निवेदक म्हणाला, या प्रकल्पामुळं ग्रामीण भगिनींच्या चेहऱ्यावर हसू फुललं. टाळ्या झाल्या. मला मंचावर बोलावलं, हातात पुष्पगुच्छ दिला. मी खाली उतरलो, जेवलोसुद्धा. गुलाबजाम होते.

पुढं पाऊस बरा झाला. काही वर्षांनी औद्योगिक वसाहतीत गॅसची पाइपलाइन आली आणि कंपनीनं नवा, गॅसवर चालणारा बॉयलर बसवला, बटन दाबायचा. कंत्राटदार मशीन तिथंच टाकून गेला, त्याचं लोखंड हळूहळू कुणी कुणी काढून नेलं. पऱ्हाटी पुन्हा शेतात जळू लागली. माघ-फाल्गुनात संध्याकाळी पैठण रस्त्यानं गेलं की दोन्ही बाजूंना धूर उभा असतो. म्हणजे एवढं सगळं करून धूर कुठं गेला नाही. आमच्या गच्चीवरून उठला आणि त्यांच्या रानात परत जाऊन बसला. चाचा पॅकिंगमधूनच निवृत्त झाले. मी त्यांच्या निरोपाला भाषण केलं, त्यांच्या आगीच्या ज्ञानाबद्दल बोललो, आणि ते टोपी हातात घेऊन खाली बघत बसले.

माझ्या निवृत्तीनंतर बिडकीनकडं नव्या वसाहतीत येऊ घातलेल्या एका कारखान्यातून फोन आला. त्यांनाही बायोमासवर बॉयलर चालवायचा होता. त्या गावांत तुमची ओळख आहे म्हणे, माल जमवून द्याल का? मी म्हटलं, देईन, पण दोन गोष्टी कागदावर घ्या. घरोघरच्या चुलीपुरतं आधी सोडायचं, आणि गुरं खातात ते कुठल्याही वर्षी भट्टीत घालायचं नाही. पलीकडचा तरुण आवाज अगदी अदबीनं म्हणाला, "पॉइंट चांगला आहे सर, वरती कळवतो." परत फोन आला नाही. त्यांनी दुसरा माणूस धरल्याचं नंतर कानावर आलं.

बहीण आता जनावरं ठेवत नाही. तिच्या गावच्या सात-आठ बाया त्या नव्या वसाहतीत एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जातात, त्यांत तीही आहे. मागच्या महिन्यात मी एका लग्नाला त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा फाट्यावर ती बसची वाट बघताना दिसली. गळ्यात फीत, फितीला फोटोचं कार्ड, केस पांढरे झालेले. मी गाडी थांबवून उतरलो.

"कशी हाईस?"

"हाय बरी. तू?"

"बरा." मी तिच्या गळ्यातल्या कार्डाकडं पाहिलं. "काम जड आहे का?"

"जड काय? गॅसच्या शेगड्या हायेत, पंखा हाय." तिनं रस्त्याकडं पाहिलं. "वहिनी बऱ्या?"

मी म्हटलं, बरी आहे, तुझी आठवण काढते, एकदा ये घरी राहायला. तिनं पिशवी खांद्याला लावली. बस आली. बाकीच्या बाया चढल्या, ती शेवटी चढली आणि माझ्याकडं पाठ असलेल्या बाकावर बसली. तीच एक जागा रिकामी होती, असं मी स्वतःला सांगितलं, आणि गाडीत येऊन बसलो.